ऐकून घेणारी बाई : सुमित्रा भावे

मी पारगावहून बोलतेय. मागच्या वेळी मी गटाच्या कर्जफेडीबद्दल बोलले होते, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी रेडिओ बंद केला असणार, मला माहीत आहे. आज हप्त्याबिप्त्याचं काही नाही. आज सिनेमाबद्दल बोलायचंय.

झालं असं, की आमच्या गटातली एक सून शिकलेली आहे. ती म्हणाली, दर महिन्याला आपण जमतो, पैसे मोजतो, सह्या-अंगठे करतो आणि घरी जातो, एखाद्या महिन्यात सगळ्या मिळून सिनेमा बघू. शाळेतल्या सरांकडून प्रोजेक्टर मागून आणला. देवळाच्या सभामंडपात भिंतीला पांढरी चादर लावली. बायका आल्या अठ्ठावीस, दोन लेकुरवाळ्या धरून. सिनेमा होता 'दोघी'. मध्येच लाईट गेली. एरवी लाईट गेली की आम्ही उठतो, कारण उसातून बिबट्या कधी निघेल याचा नेम नाही आणि अंधारात एकटीदुकटीने घरी जायची कुणाची हिंमत नाही. त्या दिवशी एकही उठली नाही. वीस मिनिटं अंधारात बसून राहिल्या आणि आपसात एकच बोलत होत्या : "त्या पोरीचं आता काय व्हायचं गं?"

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दुष्काळी भागातलं एक गाव, गरीब घर आणि दोन बहिणी. थोरली गौरी, धाकटी कृष्णा. गौरीच्या लग्नाचा दिवस. मांडव पडलाय, वऱ्हाडाची वाट बघताहेत आणि बातमी येते की वऱ्हाडाच्या गाडीला अपघात झाला. नवरदेव गेला. अजून अक्षता पडलेल्या नाहीत, गौरीने त्याचं तोंडही धड पाहिलेलं नाही, तरी गाव म्हणतं ही पांढऱ्या पायाची. बाप हाय खातो. घर बसतं. मग मामा येतो आणि गौरीला मुंबईला घेऊन जातो. तिथे तिच्यावर काय वेळ येते ते मी रेडिओवर फोडून सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. तिच्या पैशावर घर चालतं. त्याच पैशावर धाकटीचं लग्न ठरतं. आणि लग्नाला ती घरी येते, तेव्हा आईच तिला शुभकार्यापासून बाजूला ठेवते.

गौरीचं काम रेणुका दफ्तरदारने केलंय, कृष्णाचं सोनाली कुलकर्णीने, आईचं उत्तरा बावकरांनी, मामाचं सदाशिव अमरापूरकरांनी. त्यातल्या गाण्यासाठी अंजली मराठे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून 'दोघी'लाही मिळाला. १९९५ सालची गोष्ट. शेवट मुद्दाम सांगत नाही, स्वतः बघा.

सिनेमा संपल्यावर आमच्यात भांडणच लागलं. निम्म्या म्हणाल्या, आई वाईट, लेकीचा पैसा चालतो आणि लेक चालत नाही. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "आईला काय बोलताय? दुसरी लेक उजवायची व्हती तिला. म्या बी तेच केलं असतं." सभामंडप गप्प झाला. मला वाटलं, हा सिनेमा ज्या कुणी लिहिलाय त्या बाईला मावशीचं म्हणणं आधीच माहीत होतं. तिने आईला दुष्ट दाखवलेलंच नाही. आई चुकते, पण का चुकते ते आपल्याला दिसतं. घरी जाऊन मी नाव नीट वाचलं. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, लेखन सुमित्रा भावे. मग मिळेल तिथून माहिती गोळा केली. तीच आज सांगतेय.

सुमित्राताईंचा जन्म पुण्याचा, १२ जानेवारी १९४३. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या. फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, पुणे विद्यापीठातून एम. ए. झाल्या, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्य शिकल्या. दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या, म्हणजे एका अर्थी आपल्याच जातीच्या, माइकसमोर बसणाऱ्या. मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत दहाएक वर्षं शिकवलं. या सगळ्यात सिनेमा कुठेच नाही. कॅमेरा कसा धरतात हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढे पुण्यात 'स्त्रीवाणी' नावाचं एक काम सुरू झालं. त्यात त्या झोपडपट्टीत राहणाऱ्या दलित बायकांकडे जायच्या, त्यांच्याजवळ बसायच्या आणि त्यांचं आयुष्य ऐकून घ्यायच्या. आपल्याकडेही सर्वे करायला माणसं येतात. घरात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का, टिक् टिक् करून निघून जातात. ही तशी गत नव्हती. बाई सांगेल तसं, तिच्या शब्दांत, पूर्ण. त्यातल्या आठ बायकांच्या कहाण्यांचं पुढे इंग्रजीत पुस्तक झालं, १९८८ साली. भाषांतर केलं गेल ऑम्व्हेट यांनी. जन्माने अमेरिकन, पण सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहून आपल्याच झालेल्या त्या बाई.

पण पुस्तक कोण वाचणार? शिकलेली माणसं. ज्यांच्या आयुष्यावर ते लिहायचं, त्या बायकांना अक्षर येत नाही. त्यांचंच सांगणं त्यांच्यापर्यंत परत कसं पोचवायचं? मग सुमित्राताईंना वाटलं की हे डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. तिथून पहिला लघुपट निघाला, 'बाई'. साल १९८५. तेव्हा त्यांचं वय बेचाळीस. बेचाळीस, बरं का. आपल्यात बेचाळीसाव्या वर्षी सून आलेली असते आणि आता काय शिकायचं म्हणून आपण मोबाईलवरून पैसे पाठवायलाही पोराला हाक मारतो. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ १९८७ साली 'पाणी' आला, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या खेड्यातल्या बायकांवरचा. त्यालाही मिळाला.

'पाणी'चं नाव काढलं की आमच्या पूर्वेकडच्या थोरल्या बायका लगेच बोलायला लागतात. आज कालव्याचं पाणी आहे, घोड नदीवर बंधारे आहेत, उसाची हिरवळ आहे, कारखान्याचं भोंग्यावर चालणारं गाव आहे. नव्या सुनांना खरं वाटत नाही की याच शिवारात बायका उन्हाळ्यात मैलभर पाण्याला जायच्या. ज्यांनी ते केलंय त्या अजून आपल्यात आहेत, पण त्यांना कुणी विचारायला बसत नाही. माझंच सांगते, माझी सासू कुठल्या विहिरीवरून पाणी आणायची हे मला हा सिनेमा वाचायला घेतल्यावर पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

सुमित्राताईंच्या कामाला याच काळात सुनील सुकथनकर येऊन मिळाले. वयाने त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर शिकलेले. आधी मदतनीस म्हणून आले आणि मग बरोबरीचे दिग्दर्शक झाले. सिनेमाची गोष्ट आणि संवाद बहुतेक ताईंचे, गाणी पुष्कळदा सुनील यांची. पस्तीस वर्षांत दोघांनी पंधराच्या आसपास मोठे चित्रपट आणि पन्नासच्या वर छोटे चित्रपट केले. कपडे कसे असावेत, घरात भांडं कुठलं असावं, हेही ताई स्वतः बघायच्या. 'दोघी'तलं घर आठवा. आपल्याला वाटतं, हे कुणी सजवलेलंच नाही.

छोट्यांपैकी एक 'चकोरी' आहे, १९९२ चा. नवऱ्याने टाकलेली एक मुलगी सायकल शिकते. एवढंच. आज आपल्या पोरी स्कूटीवर मंचरला, नारायणगावला जाऊन येतात, त्यामुळे गंमत वाटेल. पण टाकलेल्या बाईने सायकलवर टांग मारून गावातून जाणं, हे आजही आमच्या आळीत सोपं नाही.

मोठ्या चित्रपटांची सगळी यादी वाचत नाही, कंटाळाल. 'वास्तुपुरुष'ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडत्या वाड्यातली आई आहे त्यात. घरातले पुरुष पुरलेलं धन शोधायला जमीन खणताहेत आणि ती मात्र पोराला डॉक्टर करून गावाचं देणं फेडायला सांगते. 'देवराई' हा मनाच्या आजारावरचा. स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याला. आपण त्याला सरळ 'लागिर' म्हणतो आणि देवऋषाकडे नेतो. अतुल कुलकर्णीने त्या आजारी भावाचं काम केलंय आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे सोनाली कुलकर्णी. आपल्या आंबेगावच्या पश्चिमेला आहुप्याला देवराई आहे. तिथली काठीसुद्धा कुणी उचलत नाही. जंगलाला आपण इतकं जपतो आणि घरातल्या आजारी माणसाला मात्र मागच्या खोलीत कोंडतो. 'नितळ' अंगावरच्या कोडाबद्दल आहे. अशी पोर असली की लग्न जमवताना काय काय लपवलं जातं, ते मी तुम्हाला काय सांगायचं?

'एक कप च्या' मात्र प्रत्येक गटाने बघावा असं मला वाटतं. कोकणातला एसटीचा कंडक्टर, साधं घर. त्याला विजेचं बिल येतं अव्वाच्या सव्वा. हेलपाटे मारून मारून दमतो. चहापाण्याला दिल्याशिवाय काम होत नाही, हे सगळ्यांना माहीत. मग त्याला माहितीच्या अधिकाराबद्दल कळतं. २००५ चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला फीसुद्धा नाही. किशोर कदमने त्या कंडक्टरचं काम केलंय. आमच्या गटात हा बघितल्यावर दोघींनी खरंच अर्ज केले. एकीला उत्तर आलं, एकीला नाही आलं, तिने अपील केलंय. एरवी कायद्याच्या शिबिरात आम्ही चहा येईपर्यंत डुलक्या घेतो.

एक गोष्ट मोकळेपणी सांगते. सगळेच सिनेमे आमच्या बायकांना आवडले नाहीत. काहींत माणसं फार बोलतात, आणि बोलतात ती पुण्याच्या पेठेतल्यासारखी. 'अस्तु'च्या सुरुवातीला दोघी-तिघी चुळबुळ करायला लागल्या. स्मृती गेलेले एक मोठे संस्कृत पंडित आहेत, मोहन आगाशे, त्यांचं आपल्याशी काय देणंघेणं? पण ते हत्तीच्या मागे चालत चालत हरवतात आणि माहुताच्या बायकोकडे पोचतात, तिथून सगळ्या टक लावून बघायला लागल्या. ती चन्नम्मा, अमृता सुभाष, कानडी बोलणारी, घरात खायची भ्रांत. तिला पंडित-बिंडित काही कळत नाही. तिला कळतं की हे लेकरू झालंय. लेकराला करावं तसं ती त्यांचं करते. या कामासाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांसाठी सुमित्राताईंना. इतकं होऊनही २०१३ साली तयार झालेला हा सिनेमा थिएटरात लागायला २०१६ उजाडलं. लोकांकडून वर्गणी गोळा करून लावावा लागला. मारामारी नाही, नाच नाही, म्हाताऱ्या माणसावरचा सिनेमा कोण बघणार असं थिएटरवाल्यांचं गणित. त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. आपण तरी तिकीट काढून कधी गेलो? जत्रेत राहुटीतला तमाशा बघायला आपल्याकडची माणसं दहा गावांवरून येतात. सुमित्राताईंचं नाव मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकलं, तेही एका सुनेच्या मोबाईलमुळे.

मग आला 'कासव'. उदास होऊन जीव द्यायला निघालेला एक तरुण आणि त्याला काही न विचारता सांभाळणारी बाई, समुद्रकाठ, अंडी घालून निघून जाणारी कासवीण. देशातल्या सगळ्या भाषांतल्या चित्रपटांत उत्कृष्ट म्हणून त्याला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं. मराठीला हा मान त्याआधी चारच वेळा मिळाला होता. पहिला आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, मग 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट'. सुमित्राताई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

आता ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसले तो सिनेमा. 'वेलकम होम', २०१९ चा. मृणाल कुलकर्णी त्यात सौदामिनी आहे. शिकलेली, शहाणी. एका रात्री ती लेकीला घेऊन नवऱ्याचं घर सोडते आणि आईवडिलांकडे येते. नवरा रोज मारणारा, दारू पिणारा असं काही नाही. घरात तिला तिची म्हणून जागा नाही, इतकंच. माहेरी सगळे चांगले आहेत, प्रेमाने वागतात. पण पाहुणी चार दिवसांची असते. हळूहळू तिला प्रश्न पडतो : ते घर नवऱ्याचं, हे घर बाबांचं, मग माझं घर कुठलं?

हा आमच्याकडे पाहिला, तेव्हा कुणी भांडलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. मग एक वहिनी म्हणाली, "मी सही देऊन आले गं मागच्या साली." कसली सही, हे कुणी विचारलं नाही. हक्कसोड. एकेक करत मोजलं, तर अठ्ठावीसपैकी एकोणीस जणींनी हक्कसोडपत्रावर सही केलेली. त्यात मी एक. वडील वारल्यावर भाऊ गाडी घेऊन आला, साडी घेऊन आला, तहसीलला नेलं, हॉटेलात जेवू घातलं. मी कागद वाचलाही नाही. वाचता येत असून वाचला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका जन्मापासून हक्क आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या देशात २००५ पासून, हे मला तेव्हाही माहीत होतं. गटाच्या प्रशिक्षणात मीच ते इतरांना शिकवलं होतं. पण मनात एकच, माहेर तुटायला नको. दिवाळीला कुणी न्यायला आलं पाहिजे.

माझा भाऊ वाईट नाही. हे मी तो ऐकत असेल म्हणून म्हणत नाही. सौदामिनीचे वडीलही वाईट नाहीत. सुमित्राताईंच्या सिनेमात हेच तर अवघड आहे, शिव्या द्यायला कुणी सापडत नाही. एखादा खलनायक असता तर आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडून झोपलो असतो. इकडे घरी येऊन सातबारा काढून बघावा लागला. माझं नाव माहेरच्या उताऱ्यावर नाही. सासरच्या उताऱ्यावरही नाही. राहत्या घराच्या नोंदीवर नवऱ्याचं आणि दिराचं. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, लावू की नाव, त्यात काय. चार महिने झाले. अजून ग्रामपंचायतीत गेलेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

आणि 'दोघी' पाहिल्यावरचंही एक राहिलं. माझी थोरली जाऊ ऐन तरुणपणी विधवा झाली. आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा सगळ्या आयाबायांची ओटी भरली आणि ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी तिला बोलावलं नाही. कुणी मला अडवलं नव्हतं, मीच बोलावलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचंही परिपत्रक निघालं, तेव्हा मी ते गटात वाचून दाखवलं होतं. जाऊ समोरच बसली होती. त्या दिवशी तिने मान वर केली नाही. 'दोघी'च्या रात्री घरी परत येताना टॉर्च तिच्या हातात होता. ती म्हणाली, "त्या गौरीला नवरा बघायलाबी मिळाला न्हाई, मला सहा वर्सं तरी मिळाला." नवरा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याच्याबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आम्ही मारुतीच्या पारावर अर्धा तास बसलो. बिबट्याची आठवणसुद्धा झाली नाही.

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात गेल्या. तेव्हा करोनाची दुसरी लाट होती, आपण सगळ्या आपापल्या घरात ऑक्सिजन आणि बेडच्या चिंतेत, ती बातमी आपल्यापर्यंत आलीच नाही. महिनाभराने त्यांचा शेवटचा चित्रपट मोबाईलवर आला, 'दिठी'. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. तीस वर्षं वारी केलेला रामजी लोहार, त्याचा तरणाताठा मुलगा पुरात वाहून जातो. विठ्ठलावरचा त्याचा विश्वास उडतो. आणि भर पावसात शेजारच्याची गाय अडते. गाय सोडवायचं कसब फक्त रामजीच्या हातात आहे. ज्यांच्या गोठ्यात रात्री-अपरात्री गाय अडलीय, डॉक्टर फोन उचलत नाही, कंदील धरून आपण उभ्या राहिलोय, त्यांना तो सिनेमा कळायला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. रामजी पुन्हा किशोर कदमच आहे, 'एक कप च्या'तला कंडक्टर.

आम्ही आता गटात एक नवीन काम काढलंय. दर बैठकीला वसुलीनंतर एका थोरल्या बाईने तिचं सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. मध्ये न बोलणं आम्हाला अजून जमत नाही. मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या मावशी बोलल्या, पाण्याच्या दिवसांबद्दल. ती शिकलेली सून मोबाईलवर रेकॉर्ड करते. पुढच्या वेळी मावशींची परवानगी घेऊन त्यातलं थोडं इथे ऐकवीन.

येत्या एकादशीला संध्याकाळी सात वाजता आमच्या सभामंडपात 'दिठी' लावतोय. लोणी, शिंगवे, काठापूर, जवळपासच्या कुठल्याही गटातल्या बायकांनी यावं. उपवासाची भगर आम्ही करतो, बसायला आपापलं पोतं आणा. टॉर्च विसरू नका, आणि येताना-जाताना चौघी-पाचजणी मिळून या. लाईट गेलीच तर थांबू.